सड्यावरचा नारळ

बुधवारी सकाळी सगुणा विद्यापीठाच्या आवारात उकिडवी बसून गवत कापत होती आणि फाटकाबाहेर तिची पोरगी घोषणा देत होती. मायलेकींच्या मधे लोखंडी फाटक, दोन वॉचमन आणि श्रावणातली भुरभुर. सगुणेच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ होती. तिच्या कडेने पाणी मानेवर गळत होतं, ओलं गवत विळ्याला चिकटत होतं आणि कानावर सारखं येत होतं, "फीवाढ रद्द करा! रद्द करा, रद्द करा!" दोनशे गळ्यांतला एक गळा ती बरोबर ओळखत होती. तीन दिवस ओरडून तो फाटला होता.

"तुजीच ना गो ती?" शेजारची बाई म्हणाली.

"माजीच. न्हायतर कोणाची?" सगुणा म्हणाली आणि तिने विळा असा ओढला की गवताबरोबर मुळाची मातीपण वर आली.

राग तिला कोणाचा आला होता हे तिलाच धड सांगता आलं नसतं. पोरीचा तर होताच. भातातलं तण काढायची बेणणी अर्धी राहिली होती, आणि ही बया सकाळी डबा घेऊन निघते ती थेट फाटकावर जाऊन बसते! पण ज्या गवतात आपण बसलोय त्याचाही राग होता. अकरा वर्षांपूर्वी इथे गवताची हिरवळ नव्हती. सगुणेची नाचणी होती, खालच्या अंगाला वरी होती आणि उरलेल्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, अख्ख्या वाडीची ढोरं चरायची. आता तिथे साहेबलोकांच्या नजरेला बरं दिसावं म्हणून विलायती गवत लावलं होतं आणि ते दर पंधरा दिवसांनी एका मापाचं कापायला तिलाच रोजावर बोलावलं होतं.

तो सडा असा गेला. रत्नागिरीहून साहेब आले, वाडीच्या सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, खुर्च्या मांडून बसले आणि म्हणाले, सरकारी विद्यापीठ होतंय, तुमच्या दारात, तुमच्याच पोरांसाठी. पोरांना मुंबई नको, पुणं नको. सगुणेचा नवरा काशीराम तेव्हा वाडीचा गावकर होता. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याने एकच विचारलं, "साहेब, पैशापायी आमची पोरा मागं तर न्हाय ना फिरणार?" साहेब म्हणाले, छे छे. मग भूमिपूजनाला काशीरामाने राखणदाराच्या, सड्याच्या देवाच्या, दगडापुढे नारळ ठेवला, हेच शब्द गाऱ्हाण्यात घातले, आणि बूट काढून उभ्या राहिलेल्या सगळ्या साहेबांनी हात जोडून वाडीबरोबर म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

झालं. वाडीने सह्या केल्या. फीबद्दल लिहून द्या असं कोणी म्हटलं नाही. राखणदारापुढे नारळ ठेवून व्हय म्हटल्यावर कागद मागायचा? तो तर देवावरच संशय झाला असता.

चार पावसाळ्यांपूर्वी काशीराम काविळीने गेला. गाऱ्हाण्याचा मान धाकट्या भावाकडे, महिपतकडे आला. विद्यापीठातल्या गवताचा आणि झाडलोटीचा मुकादमही तोच. देवाचा आणि साहेबांचा, दोघांचा माणूस. दगड मात्र जिथल्या तिथे राहिला. इंजिनियरला तो फाटकातून हलवायचा होता, पण पहार मारायला एक गडी मिळाला नाही. शेवटी फाटकच दोन हात सरकवून बांधलं.

दुपारी भाकरी खायच्या वेळेला सगुणा त्या दगडाजवळच्या केबिनपाशी गेली. वॉचमन धोंडू तिच्याच वाडीचा. केबिनमधल्या फळीवर एक नारळ होता.

"परवा अमावस हाय," धोंडू म्हणाला. "राखणदाराला ठेवायचा. वहिनी, पोरीला सांग जरा. काल कॅमेऱ्यात सगळ्यांचे फोटो घेतले. पुढं बसतात त्येंची नावा काढलीत."

"पुढं कोण बसतो?"

"ती राजिवड्याची नबीला, आणि आपली ज्ञानू."

सगुणेने उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली. तिने फाटकाच्या गजांतून बघितलं. ज्ञानेश्वरी ओल्या सतरंजीवर मांडी घालून बसली होती, ओठ काळेनिळे पडले होते. मायलेकींची नजर एक झाली. पोरीने हात हलवला नाही. आईला गवतात बघून पोरांपुढे तिला लाज वाटली की आईचा रोज जाईल म्हणून ती ओळख दाखवेना, कोण जाणे. दोन्हीतलं काहीही असलं तरी सगुणेला ते लागलं.

संध्याकाळी पोरगी घरी आली तेव्हा अंग कढत होतं. सगुणेने कुळथाची पिठी आणि भात पुढ्यात ठेवला, आणि तोंड सोडलं.

"तुला शिकायला धाडली का बोंबलायला? बाकीच्यांच्या पोरी काय करतात? गप फी भरतात!"

"कुठनं भरतात, आई? तिघींनी नाव काढलंन. एक परकाराच्या दुकानात लागली." ज्ञानेश्वरीचा आवाज खरखरत होता. "साडेआठ हजाराचे एकवीस हजार केले. एका वर्षात. हे शेवटचं वर्ष माझं."

"पोरीना शिक्षण फुकट हाय म्हणतात ना?"

"शिकवणी फुकट. ही विकास निधी, ती प्रयोगशाळा, ती संगणक सुविधा. सवलतीचा कागद दाखवला तर म्हणतात तो ह्याला चालत नाही. प्रयोगशाळेत चार सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातले दोन बंद. विकास कोणाचा गो?"

 सगुणेला सूक्ष्मदर्शक कळत नव्हता, पण चारातले दोन बंद हे कळत होतं.

तेवढ्यात पडवीत छत्री झटकल्याचा आवाज आला. महिपत. त्याने आत येऊन एक पाकीट चुलीशेजारी ठेवलं.

"वहिनी, शुक्रवारी अकराला कुलसचिवाकडं. पालक आणि पोरगी. हमीपत्र द्यायचा. न्हाय दिला तर नाव कमी. तिसऱ्या वर्षाला बसता येणार न्हाय."

"कसला हमीपत्र?"

"चुकला म्हणायचा, झाला! मी बोललोय सायबाशी. माज्या शब्दावर तयार झालेत." त्याने पुतणीकडे बघितलं. "काका हाय म्हणून वाचलीस. त्या नबीलाचा बापूस आखातात, तिला काय? तुजी आवस गवत कापते तितं."

"म्हणूनच बसलेय, काका," ज्ञानेश्वरी म्हणाली.

महिपतचे कान लाल झाले. "तोंड बघ! वहिनी, हिला आवर. तुजा रोज माज्या हातात हाय, पण माजा मस्टर कोणाच्या हातात हाय ह्याचापण इचार कर." आणि छत्री उघडायच्या आतच तो पावसात गेला.

सगुणेने पाकीट उचलून फळीवर ठेवलं आणि चुलीतली लाकडं मागे ओढली. पोरगी शिकून नोकरीला लागेल ह्या एका आशेवर तिने चार पावसाळे ओढले होते. ते वर्ष हातचं जायला नको. माफी तर माफी, म्हणून टाकू. तोंडातून दोन शब्द गेले म्हणून काय अंगाचं मांस जातं? असं तिने मनाशी ठरवलं, पण रात्रभर कूस बदलत राहिली.

शुक्रवारी साडेदहापासून कुलसचिवांच्या दालनाबाहेर तिघं थांबली होती. बाकडं होतं, त्यावर महिपत बसला. सगुणेला शिपाई म्हणाला, "साडी वली हाय, बाकडा खराब होईल." ती आणि ज्ञानेश्वरी उभ्याच राहिल्या. सव्वाबारा झाले तेव्हा आत बोलावलं. चपला आणि सगुणेच्या डोक्यावरची खोळ बाहेर ठेवायला लावली. आतली फरशी पांढरी, वर गार हवेचं यंत्र. सगुणेच्या ओल्या अंगावर काटा आला. पदरातून थेंब टपटप फरशीवर पडायला लागले. साहेब देशावरचे, येऊन दोन वर्षं झालेली, बोलायला मऊ. त्यांनी आधी थेंबांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बसा मुकादम," ते म्हणाले. सगुणेला काही म्हणाले नाहीत. "हे बघा, आम्हाला कोणाच्या मुलीचं नुकसान करायचं नाही. तिची दिशाभूल झालीय. हमीपत्रावर सही करायची आणि फाटकावर माइकवरून ते वाचून दाखवायचं. म्हणजे बाकीची मुलंही उठतील. विषय संपला."

"वाचून दाखवायचा?" सगुणेने महिपतकडे बघितलं. हे त्याने सांगितलं नव्हतं.

महिपत उभा राहिला, हात जोडून कमरेत वाकला. शिमग्याला अख्खी वाडी ज्याच्या मागे उभी राहून व्हय म्हणते तो महिपत! "चुकला, साहेब. बिनबापाची पोर हाय. पदरात घ्या."

बिनबापाची! सगुणा एक पाऊल पुढे झाली.

"साहेब," ती म्हणाली. तिने गळता पदर कमरेला खोचला. "साहेब, ही जमीन आमची. माज्या घोवाने हितं नारळ ठेवला तवा तुमच्या लोकानी शब्द दिलान. पैशापायी पोर मागं फिरणार न्हाय म्हणून. राखणदारापुढं व्हय म्हटलान."

साहेब हसले. वाईट हसले असंही नाही. लहान मुलाला हसतात तसं हसले. "कागद आहे का तसा काही?"

"कागद न्हाय."

"मग? बाई, ते पूजेपुरतं असतं. कार्यक्रमात लोक म्हणतात. त्यावर विद्यापीठाचं शुल्क ठरत नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "आणि तुम्ही इथेच कामाला आहात म्हणे. मग तर समजून घ्यायला हवं."

 महिपतने टेबलावरचा कागद ओढला, खिशातलं मस्टरचं पेन काढलं आणि पालक लिहिलं होतं तिथे सही ठोकली. "बापाच्या जागी मी," तो म्हणाला.

"मी नाही करणार सही," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती टेबलापासून मागे सरकली. 

"फाटकापर्यंत विचार कर," साहेब उठत म्हणाले. "मला कलेक्टर ऑफिसला जायचंय, एकची मीटिंग आहे. माझ्यासमोर वाचलंस तर नाव राहील. नाहीतर यादी तयारच आहे." त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला.

बाहेर येऊन सगुणेने खोळ डोक्यावर घेतली, पण चपला घातल्या नाहीत. तशीच अनवाणी खडीवरून चालत सुटली. महिपत मागून हाका मारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. पूजेपुरतं असतं म्हणे! काशीरामाने त्या दिवशी उपास धरला होता. चतकोर भाकरी न खाता उन्हात उभा राहून तो बोलला होता, आणि हे बूट काढून उभे होते ते फोटोपुरते होते? तिच्या नाचणीवर ह्यांनी गवत लावलं, ते तिने वाकून कापलं, एका मापाचं कापलं, आणि वर समजून पण तिनेच घ्यायचं? मेल्यांनो, माझ्या दारात येऊन मलाच भिकारीण केलीत!

केबिनमध्ये शिरून तिने फळीवरचा नारळ घेतला.

"वहिनी, तो अमावशेचा..." धोंडू म्हणाला.

"आज अमावसच हाय ना? मग?"

फाटक साहेबांच्या गाडीसाठी उघडलं होतं. बाहेर पोरं पावसात बसली होती. पुढे नबीला माइक धरून उभी, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली. मागून गाडी येऊन थांबली. महिपत आणि ज्ञानेश्वरी चालत आली. पोरीच्या हातात कागद होता. तो बघून पोरं गप्प झाली, आणि नबीला म्हणाली, "ज्ञानू, तूपण?"

ज्ञानेश्वरीने कागद पाठीमागे लपवला.

सगुणा राखणदाराच्या दगडापाशी गेली. त्याच्यापुढे, बरोबर फाटकाच्या वाटेवर तिने पदराने जागा पुसली आणि नारळ ठेवला. शेंडी देवाकडे केली. मग ती महिपतला म्हणाली, "भावोजी, मान तुमचा हाय. घाला गाऱ्हाणा."

"हितं? आता? येडी झालीस काय?"

"तुमच्या भावानं हितंच घातला व्हता. घालताव का न्हाय?"

महिपतने गाडीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि मान फिरवली.  बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत वाडीत नव्हती. त्यातून विधवा बाईने तर नारळाला हातसुद्धा लावायचा नसतो. पण तीस वर्षं तिने ते मागे उभं राहून ऐकलं होतं. शब्द कुठे चढवायचा, कुठे सोडायचा, सगळं तिला ठाऊक होतं. तिने हात जोडले.

"हे कातळसड्याच्या राखणदारा म्हाराजा!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पावसाचा आवाज. मग केबिनच्या दारातून, वॉचमनची टोपी काढून हातात घेतलेला धोंडू म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"अकरा वर्सांमागं तुज्यापुढं असाच नारळ ठेवला. ठेवणारा माजा घोव व्हता. साहेबलोकानी बूट काडून हात जोडलान. गरिबाची पोरा हितं शिकतील, पैशापायी कोण मागं फिरणार न्हाय, असा बोललान. तू ऐकलास ना रे म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" आता पोरं म्हणाली. कोण राजापूरची, कोण संगमेश्वरची, सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. मागची उठून उभी राहिली.

"आमी नाचणी दिली, वरी दिली, ढोरांचा चारा दिला. कागद मागितला न्हाय. तुज्यापुढं व्हय म्हटला तोच कागद धरला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नबीलाने माइक सगुणेच्या तोंडाशी धरला होता. तीही म्हणाली, "व्हय." म्हाराजा तिने गिळला, पण व्हय चांगला मोठ्याने म्हटला.

"आज तीच पोरा फाटकाभायेर भिजतात, आणि आत मी त्येंच्या सायबाचा गवत कापतंय! तेच म्हणतात तो शब्द पूजेपुरता व्हता. असा असंल तर तू सांग. नसंल तर ज्यानं शब्द फिरवला त्येला वाट दाखव. हा नारळ मी फोडणार न्हाय. शब्द पुरा होईल तवा फुटंल. तवर हितंच राहील. उचलंल त्येनं मोडलेल्या शब्दाचा पाप डोक्यावर घेतला, असा समजून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाडीचा हॉर्न वाजला नाही. उलट इंजिन बंद झालं. साहेबांनी काच खाली केली. "स्वरूप, काय झालं? घे गाडी."

ड्रायव्हर स्वरूप सावर्ड्याचा. तो खाली उतरला, चपला काढून उभा राहिला. "नारळ ठेवलाय, साहेब. मी नाय घालणार गाडी."

"अरे, मग बाजूला कर तो!"

स्वरूप हलला नाही. साहेब धोंडूला म्हणाले, "वॉचमन, उचल." धोंडूने टोपी घातली नाही आणि पाऊलही उचललं नाही. दुसरा वॉचमन खोकायला लागला.

"मुकादम! तुम्ही तरी."

महिपत पुढे झाला. गुडघे वाकवून खाली बसला, हात लांब केला. नारळावर पावसाचे थेंब होते. मागची पोरं टाचा उंचावून बघत होती.

"उचला, भावोजी," सगुणा म्हणाली. "तुमच्या भावाचा शब्द हाय तो. तुमीच उचला."

महिपतचा हात नारळापासून वीतभर अंतरावर थांबला. तो तसाच बसून राहिला. मग चिखलात मांडी घातली आणि दोन्ही हातांत तोंड धरलं. सगुणेला त्याची दया आली नाही. आज नाही.

साहेब गाडीतून उतरले. बुटात पाणी शिरलं, तसे ते पाय ठेवायला कोरडी जागा शोधू लागले. एक वाजायला दहा मिनिटं होती. पायी खाली हमरस्त्याला जायचं तर ह्याच वाटेने, दोनशे पोरांमधून. ते नारळापर्यंत आले आणि थांबले. त्यांना काही पाप लागणार नव्हतं. पण दोनशे माणसं त्यांच्या हाताकडे बघत होती, आणि त्यांच्या स्वतःच्या माणसांतला एकही त्यांच्याकडे बघत नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "बरं. सोमवारी बैठक घेऊ. मुलांचे प्रतिनिधी येतील. तोवर वाढीव फीसाठी कोणाचं नाव कमी करणार नाही, कोणावर कारवाई नाही. माझा शब्द. आता उचला तो."

पोरांतून दोनचार टाळ्या वाजल्या. सगुणेने हात वर केला, त्या थांबल्या.

"शब्द नको, साहेब," ती म्हणाली. "शब्द झाला आमचा घेऊन."

तिने पोरीच्या हातातलं हमीपत्र घेतलं. एका बाजूला छापलेली माफी आणि खाली महिपतची सही. तिने ते उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिने कागद गाडीच्या बोनेटवर पसरला आणि तळहाताने दाबून धरला.

"हितं लिवा."

"बाई, हे असं रस्त्यावर..."

"आमी जमीन रस्त्यावरच दिली व्हती. लिवा."

साहेबांनी खिसे चाचपले. पेन दालनात राहिलं होतं. तेव्हा चिखलात बसलेल्या महिपतने खिशातलं मस्टरचं पेन काढलं, आणि कोणाकडे न बघता हात वर केला. ज्ञानेश्वरीने ते घेऊन साहेबांपुढे धरलं.

साहेब वाकले. "काय लिहू?"

"ज्ञाने," सगुणा म्हणाली, "सांग त्येना. सावकाश सांग, एकपण शब्द सुटता नये."

पाऊस वाढला. सगुणेने डोक्यावरची खोळ काढून कागदावर धरली. पोरगी फाटक्या आवाजात सांगू लागली आणि साहेब लिहू लागले.